डोंगर दिसेलच असं नाही

स्वित्झर्लंडहून परत आलेला मराठी माणूस "नसतो गेलो तरी चाललं असतं" असं म्हणाल्याचं अजून ऐकिवात नाही. जेवणाबद्दल तो बोलेल. टूर मॅनेजरबद्दल तर पोटभर बोलेल. बसमधली पुढची सीट रोज त्याच कुटुंबाने कशी पटकावली, याचा दिवसवार अहवाल देईल. लघवीला फ्रँक मोजावा लागला हे दुःख तो मुलाबाळांना वारशात देऊन जाईल. पण डोंगराविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. लग्नघरात मांडवापासून मठ्ठ्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची मुभा असते, नवरीला मात्र नाही, तसंच हे.

याचं मूळ हिशेबात आहे. दोघांचे सहा-सात लाख मोजून, त्यातलेही काही हप्त्यांवर उचलून परतलेल्या माणसाला "कसं होतं?" विचारायचं म्हणजे त्याला त्याच्याच खटल्यात साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करायचं. तो काय पैसे बुडाले म्हणून सांगणार आहे? फोटोत आकाश निळं असेल तर "आम्हाला अगदी क्लिअर मिळालं बघा!" फोटोत नुसता पांढरा पडदा असेल तर "ढगांत उभे होतो आम्ही, अक्षरशः ढगांत!" निकाल ठरलेला. एका गृहस्थांच्या मोबाइलवर मी लागोपाठ पांढऱ्या चौकोनांचा संच पाहिला आहे. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून ते शिखरांची नावं सांगत होते.

तेव्हा जावं की नाही हे ठरवायचं असेल तर जाऊन आलेल्यांना विचारू नये. न गेलेल्यांना तर मुळीच विचारू नये. त्यांच्यात दोन प्रकार आढळतात. "त्या पैशात अख्खा हिमाचल होतो, वर उत्तराखंड होतं" असं सांगणारे काका हा पहिला. ते हे कित्येक वर्षं सांगत आहेत आणि एवढ्या वर्षांत हिमाचललाही गेलेले नाहीत. दुसरा प्रकार "आता राहिलंय काय तिथे, सगळे आपलेच लोक" म्हणणाऱ्यांचा. आपले लोक पोचले की ठिकाण बिघडतं, हे मत जगात फक्त आपल्या लोकांचं आहे.

आमच्या घरी हा विषय सध्या ऐरणीवर आहे. मुलगी नोकरीला लागली, गृहकर्ज फिटलं, गुडघे अजून शाबूत आहेत. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचा काळ मध्यमवर्गीय आयुष्यात फार थोडा असतो. बायकोने ब्रोशर आणून टीपॉयवर ठेवलं आहे. त्याच्या मुखपृष्ठावर हिरवं कुरण, त्यात एक गाय, मागे बर्फ. गाय इतकी स्वच्छ आहे की तिला आमच्या सोसायटीत घर मिळालं असतं.

आधीच्या पिढीचं बरं होतं. 'अपूर्वाई' वाचून विलायतेचं स्वप्न बघायचं आणि परकीय चलन मिळत नाही म्हणून ते तसंच जपून ठेवायचं. स्वप्न तपासून बघायची सोयच नसल्याने ते कधी खोटंही ठरलं नाही. आता सोय झाली आहे. माणशी नव्वद युरो भरले की शेंगेन व्हिसाचा अर्ज करता येतो. व्हिसा नाकारला तर नव्वद युरो त्यांचे. तीस हजार युरोंचं वैद्यकीय विमाकवच लागतं, बँकेची स्टेटमेंटं लागतात, आयकराची विवरणपत्रं लागतात. एकूण रोख बघता तुम्हाला तिथे किती मनापासून जायचंय यात कुणालाच रस नसतो. तुम्ही नक्की परत येणार ना, एवढं मात्र कागदोपत्री पटवून द्यावं लागतं.

तर आधी हे स्वप्न कुणी पाडलं, ते बघू. खुद्द स्विस माणसाला आपल्या डोंगरांचं काही कौतुक नव्हतं. लुझर्नजवळ पिलाटुस नावाचा पर्वत आहे. येशूला सुळावर देणाऱ्या पिलाताचं भूत तिथल्या डबक्यात राहतं आणि कुणी वर जाऊन डिवचलं की वादळ आणतं, अशी समजूत होती. म्हणून शहराने वर जायलाच बंदी घातली. 1387 साली सहा धर्मगुरूंनी चढायचा प्रयत्न केला, त्यांना थेट तुरुंगात टाकलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाही झुरिचचा शॉइख्त्सर हा चांगला शिकलासवरलेला निसर्गअभ्यासक आल्प्समधल्या ड्रॅगनांची माहिती सचित्र छापत होता. डोंगर म्हणजे दगड कोसळणारी, गाय मरणारी, पीक न येणारी जागा. तिथे मुद्दाम जाणारा वेडा.

मग कवी आले. कवी आले की जमिनीचे भाव वाढतात. बर्नच्या हालर नावाच्या डॉक्टरने आल्प्सवर दीर्घकाव्य लिहिलं, ते 1732 मध्ये छापलं गेलं. 1761 मध्ये रूसोची 'ज्यूली' ही कादंबरी आली आणि युरोपभरचे सुखवस्तू लोक जिनिव्हाच्या सरोवराकाठी येऊन उसासे टाकू लागले. शंभर वर्षांनी, 1863 साली थॉमस कुक पहिली इंग्रज सहल घेऊन तिथे पोचला. म्हणजे "उद्या सकाळी सहाला लॉबीत" ही आज्ञा ऐकून माणसं दीडशेहून अधिक वर्षं तिथे धावत आहेत. राहता राहिला पिलाटुस. भुताच्या जोडीला ज्या ड्रॅगनची भीती होती, तोच आता तिथल्या रेल्वे कंपनीचं बोधचिन्ह आहे, आणि माथ्यावर नेणाऱ्या केबल कारचं नाव 'ड्रॅगन राइड'. भुताचंही तिकीट लावता येतं हे स्विसांना आपल्या आधी कळलं. आपल्याकडे भूत अजून फुकट आहे.

आपल्याला हा डोंगर कवितेतून कळला नाही, तो पडद्यावरून उतरला. राज कपूर 1964 च्या 'संगम'च्या वेळी युरोपात हिंडून आले, पण तेव्हा गाणं गायला काश्मीर होतं. पुढे खोऱ्यात बंदुका आल्या आणि कॅमेरे निघाले. 'चांदनी' 1989 ची, 'दिलवाले दुल्हनिया' 1995 ची. म्हणजे आपण ज्याला स्वित्झर्लंडचं स्वप्न म्हणतो, ते मुळात बंद पडलेल्या काश्मीरची बदली जागा होती. स्विस मात्र उपकार विसरले नाहीत. इंटरलाकेनमध्ये 'चांदनी'वाल्या यश चोप्रांचा पुतळा आहे, युंगफ्राऊच्या रेल्वेत त्यांच्या नावाची गाडी आहे. आपल्या किती दिग्दर्शकांच्या नावाची लोकल आहे, हे वाचकांनी कुर्ल्याला उभं राहून मोजावं.

आणि आपण एकटेच भाबडे नाही. ब्रिएंझ सरोवराकाठी इझेल्टवाल्ड नावाचं चारेकशे वस्तीचं गाव आहे. एका कोरियन मालिकेतला नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर बसून पियानो वाजवतो. एवढ्या भांडवलावर सगळा आशिया तिथे लोटला. गावाने 2023 मध्ये धक्क्याच्या तोंडाशी फिरतं फाटक बसवलं: पाच फ्रँक टाका, आत जा, फोटो काढा, बाहेर या. पियानो तिथे नाही. नायक नाही. मालिका संपून काळ लोटला. पाच फ्रँक मात्र रोजचे आहेत. एका फ्रँकला शंभराच्या वर रुपये पडतात, तेव्हा गुणाकार ज्याचा त्याने करावा. मी केला आणि ब्रोशर उलटं ठेवलं.

बायकोने ते सुलटं केलं. पान सात उघडलं. पान सातवर युंगफ्राऊयोख.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्या खर्चाचं शिखर हेच. अडोल्फ गुयर-झेलर नावाच्या उद्योगपतीच्या डोक्यात हा किडा शिरला. आयगर आणि म्योंख हे दोन पर्वत आतून पोखरून रेल्वे वर न्यायची. 1896 ला काम सुरू झालं, 1899 ला गुयर-झेलर वारला, आणि 1912 च्या 1 ऑगस्टला, म्हणजे स्विस राष्ट्रीय दिनी, गाडी 3454 मीटरवर पोचली. सोळा वर्षं. आपल्याकडच्या प्रकल्पांशी तुलना करायचा मोह मी आवरतो, कारण सोळा वर्षांत आपणही पुष्कळ काही पूर्ण करतो. भूमिपूजनं तर नक्कीच. अभियांत्रिकी म्हणून ते काम थक्क करणारं आहे, आणि मला खरोखर पाहायचं असेल तर मी तो बोगदा पाहायला जाईन. पण लोक बोगदा पाहायला जात नाहीत. ते वरून 'आलेच' नावाची हिमनदी पाहायला जातात, वीसेक किलोमीटर लांबीची, आल्प्समधली सर्वांत मोठी.

आणि ती दिसेलच असं नाही.

ही ओळ ब्रोशरमध्ये आहे. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, "हवामानावर अवलंबून" या नम्र शब्दांत. पूर्ण भाड्याचं तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. त्यात बोगदा येतो, बर्फात कोरलेला महाल येतो, समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू येतो आणि त्यामुळे येणारी डोकेदुखी विनामूल्य. डोंगर दिसण्याची हमी तेवढी त्यात नाही. स्विस माणूस हे जाणतो. म्हणून त्याने माथ्यावर कॅमेरे लावून ठेवलेत. सकाळी उठून तो मोबाइलवर वरचं थेट दृश्य बघतो. तिथल्या हॉटेलांतल्या टीव्हीवरसुद्धा सकाळी एकेका डोंगराचा माथा फिरवून दाखवतात. स्वच्छ असेल तर तिकीट काढायचं, ढग असतील तर खाली कॉफी प्यायची. ढगात तिकीट काढून वर जातो तो पाहुणा.

तुम्ही म्हणाल, मग आपणही बघून जाऊ. कसं जाणार? तुमचा युंगफ्राऊ बुधवारी आहे. तो सहा महिन्यांपूर्वी बुधवारी ठरला. गाडीतल्या जागा बुधवारच्या, बस बुधवारची, वरचं जेवण बुधवारचं. मंगळवारी ऊन पडलं तर त्या उन्हात तुम्ही चॉकलेटच्या दुकानात असता. गुरुवारी ऊन पडलं तर बसमध्ये, ऑस्ट्रियाच्या रस्त्यावर. टूर कंपनी तुम्हाला डोंगर विकत नाही, ती बुधवार विकते. एवढं समजून घेऊन पैसे भरले तर तक्रारीला जागा राहत नाही.

जेवणाचं मात्र चोख. साडेतीन हजार मीटरवर 'बॉलिवूड' नावाचं भारतीय रेस्टॉरंट थाटलं गेलं, यात मला थट्टेचं काही वाटत नाही. उंचावर जाऊन खाणं हा आपला जुना धर्म आहे, सिंहगड त्याला साक्षी आहे. ढगांत डोंगर दिसला नाही तरी डाळ दिसते. परतलेल्यांच्या आठवणींत जेवणाचा भाग एवढा मोठा का असतो, हे मला यावरून कळलं.

डोंगर न दिसण्याची परंपराही जुनी आणि थोर आहे. लुझर्नच्याच बाजूला रिगी नावाचा डोंगर आहे, उंची अठराशे मीटरच्या आत. तिथे मार्क ट्वेन सूर्योदय पाहायला गेला होता. 1880 च्या 'अ ट्रॅम्प अब्रॉड' या प्रवासवर्णनात त्याने ती कथा सांगितली आहे: चढून चढून थकला, हॉटेलात झोपला, भोंगा वाजला तसा पांघरुणं गुंडाळून धावत बाहेर आला, आणि बराच वेळ सूर्याकडे बघितल्यावर लक्षात आलं की सूर्य मावळतोय. दिवसभर झोपला होता. दुसऱ्या दिवशी वेळेवर उठला तर पश्चिमेला तोंड करून उगवतीची वाट बघत बसला. ट्वेनचा एकूण स्वभाव पाहता यातलं निम्मं त्याने लिहिताना घातलं असणार. पण सूर्योदय दिसला नाही हे छापून, ते विकून, पैसे वसूल करणारा तो बहुधा एकमेव पर्यटक. आपल्याकडचे लोक तेवढंच लपवतात आणि पैसे बुडवतात.

त्या रिगीवर युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे 1871 पासून जाते. स्विस ट्रॅव्हल पास असला की ती फुकट आहे. आपल्या सहलींच्या कार्यक्रमात ती क्वचितच असते. फुकट गोष्ट 'हायलाइट' म्हणून छापायची कशी, हा त्यांचाही प्रश्न रास्त आहे.

ब्रोशरचा नवा मुद्दा असा: लवकर जा, बर्फ वितळतंय. हे खरं आहे. 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. ऱ्होन हिमनदीच्या एका टोकाला उन्हाळ्यात पांढरी पांघरुणं घालून ठेवतात, आत कोरलेली बर्फाची गुहा टिकावी म्हणून. आता आजारी माणसाला भेटायला जाताना आपण निदान सिगारेट बाहेर विझवतो. इथे विमानाने आठ-नऊ तास धूर सोडत जायचं आणि उशाशी उभं राहून हळहळायचं. या निकषावर न जाणंच योग्य ठरतं. पण या निकषावर मी मुलीच्या लग्नाला गाडीही काढू शकणार नाही, म्हणून तो बाजूला ठेवला. प्रामाणिक कारण एवढंच आहे.

काकांचा "त्या पैशात हिमाचल" हा मुद्दाही जरा तपासू. हिमाचलात खज्जियार आहे. 1992 मध्ये एका स्विस अधिकाऱ्याने त्याला 'मिनी स्वित्झर्लंड' म्हटल्यापासून तिथे स्वित्झर्लंडकडे बोट दाखवणारी पाटी आहे, अंतरासकट. आपल्या साताऱ्यात तापोळा 'मिनी काश्मीर' आहे. लवासा तर इटलीतल्या पोर्टोफिनोवर बेतलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. एकाही ठिकाणाला स्वतःच्या नावावर उभं राहू द्यायचं नाही, असं आपलं पर्यटन धोरण दिसतं. लाउटरब्रुनेनच्या दरीत स्टाउबाख धबधबा 297 मीटरवरून पडतो. भांबवलीचा वजराई त्याहून उंच म्हणून सांगतात. पण स्टाउबाखला पायवाट आहे, कठडा आहे, वेळेवर येणारी गाडी आहे. वजराईला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग आहे, स्पीकर आहे आणि त्या स्पीकरवर नेमकं ते स्वित्झर्लंडात चित्रित झालेलं गाणं लागलेलं आहे. काका, त्या पैशात हिमाचल होतो हे खरं. त्या शांततेत होत नाही.

इथवर आल्यावर मी कागद घेतला. धुकं पडलंय असं गृहीत धरायचं. आठही दिवस. एकही शिखर दिसणार नाही. तरी पैसे वसूल होतील अशा गोष्टी तिथे किती आहेत?

बऱ्याच निघाल्या, आणि बहुतेक फुकट निघाल्या. झुरिच शहरात बाराशेहून जास्त सार्वजनिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं आहे. आपला माणूस त्या कारंज्याला टेकून उभा राहतो आणि चार फ्रँकची बाटली पितो, कारण "परदेशातलं पाणी बाधतं". स्टेशनवरची घड्याळं: हान्स हिल्फिकर नावाच्या अभियंत्याने 1944 मध्ये त्यांचा आराखडा केला, तांबडा सेकंदकाटा नंतर आला. हा काटा आपली फेरी साडेअठ्ठावन्न सेकंदांत उरकतो आणि बारावर येऊन दीड सेकंद थांबतो. मुख्य घड्याळाचा इशारा आला की सगळ्या स्टेशनांतले काटे एकदम पुढे. ज्याने डोंबिवलीची 8.14 फास्ट पकडण्यात उमेद घालवली, त्या माणसाला त्या घड्याळाखाली अर्धा तास उभं राहायला युंगफ्राऊचे पैसे पडले तरी स्वस्त आहे. पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्या: घाटातल्या वळणावर त्या तीन सुरांचा भोंगा वाजवतात, आणि ते सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधले आहेत. आपली एसटी आंबेनळीच्या वळणावर जो भोंगा वाजवते त्यातही तीन सूर असतात, पण ते रचनाकाराने सोडून दिलेले.

आणि मग इंटरलाकेनचं ते मैदान. हे मी तीनदा वाचून खात्री केली, कारण विश्वास बसेना. दोन सरोवरांच्या मध्ये वसलेलं गाव, सगळा धंदा पर्यटनाचा, जमिनीला सोन्याचा भाव, आणि गावाच्या ऐन मध्यावर हॉटेलांच्या समोर चौदा हेक्टरांचं गवत. ह्योहेमाट्टे. पस्तीसेक एकर. 1864 मध्ये गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि काही नागरिकांनी मिळून ते विकत घेतलं. कशासाठी? तर तिथे कुणी काही बांधू नये यासाठी. समोरचा डोंगर झाकला जाऊ नये म्हणून. दीडशेहून अधिक वर्षं झाली, अजून तिथे टॉवर नाही, मॉल नाही, "भव्य सभागृह लवकरच" असा फलकही नाही. पुण्या-ठाण्याच्या माणसाने पाहण्यासारखं स्वित्झर्लंडात काही असेल तर ते हे आहे. हॉटेलवाले एकत्र आले, त्यांच्याकडे पैसा होता, मोक्याची जागा हातात होती, आणि त्यांनी काही केलं नाही! हे दृश्य पाहायला मी सहा लाख देतो. त्यासाठी डोंगर दिसायची गरज नाही. आमच्याकडचे चार बिल्डर सोबत न्यायचा विचार होता, पण त्यांचं तिकीट मी का काढू? आणि शिवाय ते मैदान बघून त्यांच्या डोळ्यांत जी चमक येईल, तिची जबाबदारी माझ्यावर येईल.

तर निर्णय झाला. जायचं. सहलीसोबत नाही, आपले आपण. गावं बदलत धावायचं नाही. इंटरलाकेन नाहीतर लुझर्न, एकच ठिकाण धरून आठवडाभर राहायचं. सप्टेंबरात. सकाळी कॅमेऱ्यात डोंगर दिसला तर रिगीवर, नाही दिसला तर कारंजं, घड्याळ, पोस्टाची बस, गवत. युंगफ्राऊ वगळायचा. टिटलिस पर्वतही वगळायचा. माणशी होणारी बचत मी लाल शाईने लिहिली आणि कागद बायकोपुढे सरकवला. सगळा युक्तिवाद ऐकवला. पिलाटुसच्या भुतापासून बुधवारपर्यंत.

तिने शांतपणे वाचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण टिटलिसला जायचं."

टिटलिसवर काय आहे ते मला माहीत होतं. केबल कारने तीन हजार मीटरवर पोचलं की गच्चीत शाहरुख खान आणि काजोल उभे आहेत. पुठ्ठ्याचे. गेली अनेक वर्षं आहेत. मी तिला समजावलं की त्यांच्या 'दिलवाले दुल्हनिया'तली गाजलेली स्विस दृश्यं झानेन, ग्श्टाड, त्स्वायझिमेन या भागातली. तिथल्या स्टेशनावर जाऊ, साध्या पासात होतं. केबल कारचे पैसे मोजून पुठ्ठ्याशेजारी उभं राहण्यात काय अर्थ आहे?

"तू यादी कसली केलीस?" तिने विचारलं.

"धुक्यातही दिसतील अशा गोष्टींची."

"पुठ्ठा फुटभरावर असतो," ती म्हणाली. "कितीही धुकं असलं तरी दिसतो. आणि बुधवारीही असतो."

यावर उत्तर मी दोन दिवस शोधलं. कवी, कुक, कोरियन पियानो, सगळ्यांची भानगड मी बाहेर काढली होती. पण या सगळ्या गोंधळात जे हवंय ते नेमकं सांगणारी आणि ते तिथे नक्की सापडणारी एकटी हीच निघाली. लाल शाईतली बचत काळ्या शाईने खोडली. आता व्हिसाचा अर्ज समोर आहे. 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट असे चौकोन आहेत. शेवटी 'इतर, तपशील द्या' असाही एक आहे, आणि ती म्हणते की खरं काय ते लिहून टाक, व्हिसा देणारा पुण्यातला असेल तर लगेच देईल.